सायटेशनचा आकडा फोडून वाचा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी सार्वजनिक आरोग्यात एपिडेमिऑलॉजिस्ट (रोगांच्या प्रसाराचा अभ्यास करणारी) म्हणून अकरा वर्षं काम करते. क्षयरोगाचं सर्व्हेलन्स (रुग्णांच्या नोंदींवर सतत नजर ठेवणं) आणि साथींचा तपास हे माझं मुख्य काम. माझे ४१ पेपर आहेत. गूगल स्कॉलरवर २,३१० सायटेशन्स (पेपरांत दिलेले माझ्या पेपरांचे संदर्भ) आणि त्यांवरून काढलेला एच-इंडेक्स १५ दिसतो. चार महिन्यांनी बढतीसाठी अर्ज करायचा आहे. समितीत प्रयोगशाळेत काम करणारे जास्त आहेत आणि माझ्याच वयाच्या अशा एका सहकाऱ्याचा एच-इंडेक्स २८ आहे. माझा आकडा कमी आहे का? एक मित्र म्हणतो, आपण सहा जण ठरवून एकमेकांना साइट करू. दुसरा म्हणतो, खुल्या सर्वेक्षणांच्या डेटावर महिन्याला एक पेपर सहज निघतो. साथीच्या काळात केलेलं काम मात्र या आकड्यांत कुठेच नाही, याचं फार वाईट वाटतं. पेपरांची यादी सोबत जोडली आहे. काय करू?

उत्तर

यादी जोडलीत हे फार बरं केलंत. नुसते दोन आकडे पाठवले असते तर आम्हाला काहीच सांगता आलं नसतं, आणि तुमच्या समितीचीही नेमकी तीच अडचण होणार आहे. म्हणून सगळ्यात आधी तो आकडा फोडू.

तुमच्या ४१ पेपरांपैकी तीन मोठ्या आंतरराष्ट्रीय कन्सॉर्शियमचे, म्हणजे अनेक संस्थांच्या गटाचे आहेत. प्रत्येकावर तीनशेहून जास्त ऑथर. या तिघांची मिळून १,४६० सायटेशन्स होतात, म्हणजे तुमच्या एकूण २,३१० पैकी ६३ टक्के. उरलेल्या ३८ पेपरांना ८५०. आता एच-इंडेक्स हाताने काढून पाहा. पेपर सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावा आणि ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन्स त्या क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत तिथे थांबा. तुमच्या यादीत पंधराव्या पेपरला १५ सायटेशन्स आहेत, सोळाव्याला १४, सतराव्याला ११. म्हणून एच १५. कन्सॉर्शियमचे तीन पेपर बाजूला काढले की सगळे तीन-तीन पायऱ्या वर सरकतात: बाराव्याला १५, तेराव्याला १४, चौदाव्याला ११. म्हणून एच १३.

हे गणित नीट बघा, कारण तुमच्या अर्जाचा कणा इथेच आहे. एकूण सायटेशन्सपैकी जवळजवळ दोन तृतीयांश गळून पडली, पण एच-इंडेक्स फक्त दोनाने उतरला. याचा अर्थ तुमचा एच-इंडेक्स त्या मोठ्या पेपरांच्या जिवावर उभा नाही. समितीतला जाणकार माणूस ती १,४६० सायटेशन्स पाहून “यात यांचं काय?” असं विचारणारच. त्याने विचारायच्या आधी तुम्हीच वेगळी काढून दाखवा. पुढची फोड त्याहून चांगली आहे. तुम्ही नऊ पेपरांवर फर्स्ट ऑथर आहात, त्यांची ३९० सायटेशन्स. चार पेपरांवर शेवटच्या, म्हणजे काम उभं करणाऱ्या ऑथर आहात, त्यांची १२०. एकूण ५१०. कन्सॉर्शियम वगळता उरलेल्या ८५० पैकी साठ टक्के सायटेशन्स तुम्ही स्वतः पुढे नेलेल्या कामाला आहेत. हा आकडा अर्जात पहिल्या पानावर हवा.

सहकाऱ्याच्या २८ शी तुलना सोडून द्या. हे समजूत काढायला म्हणत नाही, मोजमापच तसं आहे. एच-इंडेक्स सुचवला तो २००५ मध्ये जॉर्ज हिर्श यांनी. ते भौतिकशास्त्रज्ञ, आणि उदाहरणंही मुख्यतः भौतिकशास्त्रातली. एका विषयात पेपरागणिक किती संदर्भ देतात, एका प्रकल्पातून किती पेपर निघतात, डेटा हाती यायला किती वर्षं लागतात, हे सगळं विषयागणिक बदलतं आणि एच त्याचा काहीच हिशेब ठेवत नाही. ऑथरांमध्ये तुमचा क्रमांक कितवा, हेही तो बघत नाही. शिवाय तो कधी उतरत नाही, त्यामुळे वय आणि कारकिर्दीची लांबी त्यात आपोआप मुरते. मध्ये रजेमुळे खंड पडला असेल तर ते महिने अर्जात स्पष्ट लिहा.

तुलना करायचीच असेल तर विषयानुसार समायोजित केलेली मापं द्या. एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या आयसाइट या मोफत साधनात पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीतल्या प्रत्येक पेपरचा रिलेटिव्ह सायटेशन रेशो मिळतो. त्या पेपरसोबत ज्यांना एकत्र साइट केलं जातं त्या पेपरांवरून त्याचं क्षेत्र ठरतं, आणि १.० म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेल्या पेपरांचा मध्यक. स्कोपस या सायटेशनच्या डेटाबेसमधला फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट याच जातीचा, तिथे १.० ही त्या विषयाची, त्या वर्षाची, त्या प्रकारच्या लेखाची जागतिक सरासरी. दोन्हींत एक काळजी घ्या: पाच-दहा पेपरांची सरासरी एखाद्या गाजलेल्या पेपरने फुगते. सरासरीऐवजी तुमच्या तेरा मुख्य पेपरांपैकी किती १.० च्या वर आहेत ते मोजून सांगा.

त्याआधी प्रोफाइल साफ करा. हे कंटाळवाणं काम आहे, पण दोन दुपारी दिल्या की संपतं. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलात छापण्याआधी खुली केलेली आवृत्ती), अहवाल सगळं मोजतं, तर स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे डेटाबेस निवडक प्रकाशनांपुरतंच बघतात. म्हणून तिन्हींचे आकडे कधीच जुळत नाहीत आणि स्कॉलरचा बहुधा सगळ्यात मोठा असतो. आकडा लिहाल तिथे कुठला डेटाबेस आणि कुठली तारीख हे लिहाच. स्कॉलरमध्ये नवे पेपर आपोआप जोडण्याची सोय बंद करून ‘आधी मला विचारा’ हा पर्याय निवडा, नाहीतर त्याच आडनावाच्या कुणाचे तरी पेपर तुमच्या नावावर चढतात. परक्याचा पेपर समितीला सापडला तर तुमच्या खऱ्या पेपरांवरचाही विश्वास जातो. तुमच्या यादीत सव्विसावी आणि एकतिसावी नोंद एकाच कामाची दिसते, एक प्रीप्रिंट आणि एक छापील आवृत्ती. ती एकत्र करा. स्कोपसमध्ये उलट घडतं: नावाचं स्पेलिंग, आद्याक्षरं किंवा संस्था बदलली की एकाच माणसाची दोन प्रोफाइलं तयार होतात आणि एच विभागला जातो. तिथे एकत्रीकरणाची विनंती टाका. संशोधकाची ओळख पटवणारा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक नसेल तर आजच काढा आणि यापुढे प्रत्येक पेपर पाठवताना द्या.

साथीच्या तपासाचे काही पेपर तुमच्या नावावर दिसतच नाहीत, असं यादीखालच्या टिपेत तुम्ही म्हटलंय. कारण बहुधा असं आहे: ऑथर म्हणून गटाचं नाव आणि सदस्यांची नावं शेवटी. पबमेडच्या नोंदीत ही माणसं ‘कोलॅबोरेटर’ म्हणून वेगळी येतात आणि सायटेशनच्या प्रोफाइलमध्ये बहुतेकदा येतच नाहीत. छापून झाल्यावर यात फारसं काही करता येत नाही. पुढच्या वेळी पेपर पाठवण्यापूर्वीच ठरवून घ्या की कोण ऑथरच्या ओळीत आणि कोण गटात. ऑथर कोण हे ठरवायला आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीच्या चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा गंभीरपणे तपासण्यात सहभाग, अंतिम आवृत्तीला मान्यता आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात. प्रत्यक्ष फील्डवर राबलेल्या माणसाने पहिली अट पुरी केलेली असते, पण मसुदा त्याच्यापर्यंत पोचतच नाही आणि तो बाकीच्या तिन्हींवर गळतो. तुमच्या टीममधल्या कुणाचं असं होऊ देऊ नका. पहिली अट पुरी करणाऱ्याला मसुद्यात भाग घ्यायची संधी मिळालीच पाहिजे, असं त्याच नियमांत म्हटलं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एपिडेमिऑलॉजीचा पेपर वर्षानुवर्षं साइट होतो तो बऱ्याचदा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) आणि मेटा-ॲनालिसिसमधून (त्यांच्या आकड्यांची एकत्र मोजणी), आणि तिथून मार्गदर्शक सूचनांमध्ये. तुमचे फर्स्ट ऑथर पेपर आम्ही याच नजरेने वाचले. नऊपैकी चारांत रिव्ह्यू करणाऱ्याला हवी असलेली संख्याच नाही. काम चांगलं आहे आणि निष्कर्षही पटतात, पण कोष्टकात ऑड्स रेशो (दोन गटांतल्या ‘घडलं भागिले न घडलं’ या प्रमाणांचं गुणोत्तर) आहे आणि शेजारी फक्त ‘पी ०.०५ पेक्षा कमी’. रिव्ह्यू करणाऱ्याला प्रत्येक अभ्यासाला वजन द्यावं लागतं आणि त्यासाठी स्टँडर्ड एरर (अंदाज किती अनिश्चित आहे त्याचं माप) लागतो. ऑड्स रेशो २.० आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (अंदाजाची खालची आणि वरची मर्यादा) १.२ ते ३.४ असं छापलं असेल तर तो काम एका मिनिटात करतो: ३.४ चा नैसर्गिक लॉग १.२२४, १.२ चा ०.१८२, फरक १.०४२, त्याला ३.९२ ने (१.९६ ची दुप्पट) भागलं की ०.२६६, हाच लॉगचा स्टँडर्ड एरर. नुसतं ‘पी ०.०५ पेक्षा कमी’ वरून यातलं काहीच निघत नाही. तो तुम्हाला एक ई-मेल पाठवतो, उत्तर आलं नाही तर तुमचा पेपर ‘पुरेशी माहिती नाही’ या शेऱ्याखाली वगळतो. पाच वर्षं मेहनत केलेला अभ्यास एका ओळीसाठी बाहेर पडतो.

कच्च्या संख्याही द्या. समजा एका गटात १०० पैकी ४० रुग्णांनी उपचार अर्धवट सोडले आणि दुसऱ्यात १०० पैकी २० जणांनी. रिस्क रेशो (४०/१०० भागिले २०/१००) बरोबर २. ऑड्स रेशो (४०/६० भागिले २०/८०) २.६७. घटना विरळ असली की दोन्ही जवळ येतात, पण इथे ती विरळ नाही. ऑड्स रेशोलाच ‘अडीचपटीहून जास्त धोका’ म्हणून पुढे कुणीतरी उचलतं आणि चूक पसरत जाते. तक्त्याची चार घरं (दोन्ही गटांत सोडलेले आणि न सोडलेले) छापली असली की वाचणारा हवं ते माप स्वतः काढू शकतो. सर्व्हेलन्सच्या पेपरात हेच डिनॉमिनेटरबाबत, म्हणजे छेदातल्या संख्येबाबत: नुसती रुग्णसंख्या नको, लोकसंख्या किती, ती कुठल्या वर्षाची, आणि मोजणीचा कालावधी किती. तुमच्या २०१९ च्या पेपरात तिमाही नोंदी आहेत, पण लोकसंख्या कुठेच नाही. तो पेपर इतका मन लावून लिहिलेला आहे की हे बघून आम्हालाच चुटपुट लागली.

आणखी एक जागा अशी की जिथे चांगले लोकही घसरतात. एकाच मॉडेलमध्ये वय, लिंग, धूम्रपान, मधुमेह घालून सगळ्यांचे समायोजित गुणांक एका कोष्टकात मांडले जातात. मॉडेल एका एक्स्पोजरसाठी (ज्याचा परिणाम तपासायचा त्या घटकासाठी) रचलेलं असतं, बाकीचे घटक कन्फाउंडिंग, म्हणजे तिसऱ्याच घटकामुळे होणारी गफलत, आवरण्यासाठी. त्यांचे गुणांक त्यांचा परिणाम दाखवत नाहीत, किंवा फक्त काही वाटेने होणारा भाग दाखवतात. पण रिव्ह्यूवाला मधुमेहाच्या ओळीतला आकडा उचलून घेऊन जातो. वेस्ट्राइच आणि ग्रीनलँड यांनी २०१३ मध्ये याला ‘टेबल २ फॅलसी’ म्हटलं. मुख्य एक्स्पोजरचा आकडा मुख्य कोष्टकात, बाकीचं पुरवणीत आणि तिथे स्पष्ट टीप, एवढं पुरतं.

यातलं बरंचसं स्ट्रोबच्या, म्हणजे निरीक्षणात्मक अभ्यास कसा मांडावा याच्या यादीच्या, २२ कलमांत आहे. २००७ ची ती यादी लोक पेपर पाठवताना शेवटच्या रात्री भरतात, म्हणून तिचा उपयोग होत नाही. विश्लेषण सुरू करण्यापूर्वी १३ ते १६ ही कलमं समोर ठेवून कोष्टकांचे रिकामे सांगाडे आखा: प्रत्येक टप्प्यावर किती माणसं उरली, घटना किती, समायोजनाआधीचा आणि नंतरचा आकडा, दोन्हींचे इंटरव्हल. पहिलं कलम शीर्षकाबद्दल आहे. रिव्ह्यूची शोधपद्धत शीर्षक आणि सारांशातले शब्द हुडकते. तुमच्या दोन पेपरांची शीर्षकं प्रश्नार्थक आणि सुंदर आहेत, पण त्यांत ना रोगाचं नाव आहे, ना अभ्यासाचा प्रकार. रोग, लोकसमूह, अभ्यासाचा प्रकार आणि वर्षं शीर्षकात आणि सारांशात आलीच पाहिजेत. इंटरव्हल न देता छापून झालेल्या त्या चार पेपरांचा कच्चा तक्ता तुमच्याकडे असेलच. व्यक्तींची ओळख पटणार नाही अशा रूपात, परवानगी घेऊन, तो झेनोडो या खुल्या ऑनलाइन संग्रहात ठेवा आणि मिळालेला डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) प्रोफाइलमध्ये जोडा. पुढचा रिव्ह्यूवाला कदाचित ई-मेल न पाठवताच तिथे पोचेल.

साथीच्या कामाबद्दल तुम्हाला जे वाईट वाटतं ते आम्हाला कळतं, आणि ते रास्त आहे. साथ आटोक्यात आली तर पेपर छोटा होतो, आणि आलीच नाही तर पेपरच होत नाही. सायटेशनमध्ये हे पकडता येत नाही. पण जे कागदावर आहे ते शोधता येतं. तुमचे तपास अहवाल खात्याच्या संकेतस्थळावर पीडीएफ म्हणून पडून असतील तर परवानगी मिळवून त्यांनाही डीओआय घ्या. डीओआय नसलेल्या अहवालाच्या संदर्भाचा माग काढणं अवघड जातं. मग धोरणात्मक कागद धुंडाळा. ओव्हर्टन हा डेटाबेस धोरणविषयक दस्तऐवजांतले संदर्भ जमवतो, तुमच्या ग्रंथालयाकडे असेल तर तिथून सुरुवात करा. तेवढ्यावर थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत पुराव्याचा तपशील बहुधा मुख्य मजकुरात नसतो, तो जोडपत्रांतल्या ग्रेड (पुराव्याची खात्री ठरवण्याची पद्धत) तक्त्यांत असतो. ती जोडपत्रं अनेकदा वेगळ्या फाइलमध्ये असतात. ती उघडून आपल्या फर्स्ट ऑथर आडनावाने आणि वर्षाने शोध घ्या. सापडलं की एका तक्त्यात दस्तऐवजाचं नाव, वर्ष, पान, तक्त्याचा क्रमांक आणि कुठल्या शिफारशीमागे तुमचा अभ्यास उभा आहे ते लिहा. अशी एकच ओळ समितीला पन्नास सायटेशन्सपेक्षा जास्त सांगते, कारण प्रयोगशाळेतल्या माणसालाही ती लगेच समजते.

मित्राच्या सूचनेला नाही म्हणा. सहा जणांचं एकमेकांना साइट करणं नकाशावर काढलं की गाठीसारखं उठून दिसतं. सेल्फ-सायटेशनचं प्रमाणही आता सहज तपासलं जातं. जॉन इओनिडिस या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या, सर्वाधिक साइट झालेल्या शास्त्रज्ञांच्या डेटाबेसमध्ये सेल्फ-सायटेशन वगळून केलेली मोजणी वेगळी दिलेली असते. तिथे फर्स्ट आणि शेवटच्या ऑथरच्या जागाही मोजतात, म्हणून आम्ही ती फोड वर इतका वेळ करत बसलो.

खुल्या डेटाच्या पेपरांबद्दल जरा थांबून विचार करा. खुला डेटा वाईट नाही, प्रश्न तुमचा असेल तर जरूर वापरा. पण एक एक्स्पोजर, एक रोग, तयार कोड आणि महिन्याला एक पेपर या साच्याचं काय होतं ते दिसून आलं आहे. अमेरिकेच्या एनएचएएनईएस सर्वेक्षणावर अशा ठोकळेबाज पेपरांचा जो पूर आला त्याचं विश्लेषण २०२५ मध्ये प्लॉस बायॉलॉजीत आलं. शेकडो जोड्या तपासायच्या, अनेक चाचण्या केल्यामुळे आकड्यांत लागणारी दुरुस्ती करायची नाही आणि जी जोडी ‘लागली’ ती छापायची, मग त्यात खोटे निष्कर्ष भरणारच. क्षयरोगावर अकरा वर्षं काम केलेल्या माणसाच्या यादीत असे बारा पेपर आले तर यादी पातळ दिसते. जर्नल निवडतानाही घाई नको. २०२३ मध्ये वेब ऑफ सायन्समधून पन्नासहून जास्त जर्नलं काढली गेली. त्यांत सार्वजनिक आरोग्यातलं एक फार मोठं जर्नलही होतं आणि त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या लेखांना मिळणाऱ्या सायटेशन्सची सरासरी) गेला. तिथे प्रामाणिकपणे छापलेल्यांचा त्यात काही दोष नव्हता.

उरलेल्या चार महिन्यांत नवी सायटेशन्स फारशी येणार नाहीत, तो नाद सोडा. पहिल्या महिन्यात प्रोफाइल आणि फोड, दुसऱ्यात धोरणाचे कागद, तिसऱ्यात लेखन. चौथा महिना मसुदा दुसऱ्या विषयातल्या कुणाला तरी वाचायला देण्यासाठी राखा. तुमची समिती प्रयोगशाळेची आहे, म्हणून वाचणाराही तिथलाच शोधा. पाच कामं निवडा आणि प्रत्येकाला अर्धं पान द्या: प्रश्न काय होता, तुम्ही नेमकं काय केलंत, काय कळलं, ते कुठे वापरलं गेलं. ‘तुम्ही काय केलंत’ लिहिताना क्रेडिट या योगदानाच्या वर्गीकरणातल्या १४ भूमिकांचे शब्द वापरा: पद्धत ठरवली, डेटा सांभाळला, विश्लेषण केलं, पहिला मसुदा लिहिला. समितीच्या नियमांत इम्पॅक्ट फॅक्टर मागितलाच असेल तर द्या, पण तो जर्नलचा आहे, पेपरचा नाही: आदल्या दोन वर्षांतल्या लेखांना त्या वर्षी मिळालेली सायटेशन्स भागिले त्यातले मोजण्याजोगे लेख. तुमच्या संस्थेने डोरा या २०१३ च्या जाहीरनाम्यावर सही केली आहे का ते बघून ठेवा. केली असेल तर माणसाचं मूल्यमापन जर्नलच्या आकड्यावर करणार नाही असं त्यांनी स्वतः मान्य केलेलं आहे, आणि ते एका वाक्यात नम्रपणे नमूद करता येतं.

आकड्यांचा परिच्छेद साधारण असा लिहा, तारीख भरून आणि त्या दोन नोंदी एकत्र केल्यावरचे आकडे घालून: “गूगल स्कॉलरनुसार एकूण ४१ लेख, २,३१० सायटेशन्स, एच-इंडेक्स १५. यातील १,४६० सायटेशन्स तीन कन्सॉर्शियम लेखांची असून त्यांतील माझा वाटा पुढे वेगळा दिला आहे. ते वगळता ३८ लेख, ८५० सायटेशन्स, एच-इंडेक्स १३. पहिली किंवा शेवटची लेखक म्हणून १३ लेख, ५१० सायटेशन्स.” याखाली रिलेटिव्ह सायटेशन रेशोची एक ओळ, आणि लगेच धोरणाचा तक्ता.

कन्सॉर्शियमच्या तीन पेपरांतला तुमचा वाटा तुम्ही तोंडी सांगून चालणार नाही. प्रत्येकाच्या करस्पॉन्डिंग ऑथरला (पेपरचा पत्रव्यवहार बघणाऱ्याला) आजच पत्र टाका: कुठल्या वर्षांचा डेटा तुम्ही दिलात, कुठलं गुणवत्ता-परीक्षण केलंत, मसुद्याच्या कुठल्या भागावर सूचना दिल्यात हे तुम्हीच चार ओळींत लिहून पाठवा आणि त्यांच्याकडून फक्त दुजोरा मागा. तीनशे ऑथरांच्या पेपरात कुणाचं काय होतं हे आठवायला त्यांना वेळ लागतो, म्हणून हे काम चौथ्या महिन्यावर ढकलू नका.